खंडोजीअण्णांची किळस

खंडोजीअण्णांना किळस यायची. कशाची, असं विचारण्यात अर्थ नव्हता. दुधावरची साय, दुसऱ्याचा ओला टॉवेल, बेसिनला चिकटलेला केस, बोटाला थुंकी लावून पान उलटणारा माणूस, पावसात भिजून लगदा झालेलं वर्तमानपत्र, चहात बुडवताना तुटून आत पडलेलं बिस्किट. असं काही समोर आलं की अण्णांच्या डाव्या नाकपुडीला एक बारीक सुरकुती पडायची, ओठ खाली ओढला जायचा आणि ते म्हणायचे, "अय्यो, हेसिगे!"

हेसिगे म्हणजे कानडीत किळस. अण्णांचं घराणं मराठी, पण कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन बंगळूरचंच झालेलं. घरात बोलायचे मराठी. पण राग, हिशेब आणि किळस मात्र कानडीत. मला तो शब्द पहिल्या भेटीतच कळला, अर्थ विचारावा लागला नाही. चेहऱ्यावरच होता.

मी आणि माझा नवरा नोकरीसाठी पुण्याहून आलेलो. जे. पी. नगरमध्ये अण्णांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं बघायला गेलो, तेव्हा त्यांनी आमची नोकरी, गाव, जात यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मटण खा, मासे खा, माझं काय नाही. पण मोरीत केस सोडायचे नाहीत. सोडले तर मला दिसतात."

"म्हणजे कसे दिसतात?"

"दिसतात की. मी खाली चेंबर उघडून बघतो."

आणि ते खरंच बघत. दर रविवारी सकाळी, आंघोळीच्या आधी, नाकाला रुमाल बांधून.

अण्णा एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. यंत्रांचे सुटे भाग यांच्या टेबलावर यायचे आणि यांनी त्यांतली खोट काढायची, हे आयुष्यभराचं काम. "लोक वस्तू बघतात," ते मला एकदा म्हणाले, "मी वस्तूत काय वाईट आहे तेवढं बघतो." हे त्यांनी जरा अभिमानानं सांगितलं होतं. एकदा समोरच्या घरी चाळिसाव्या वाढदिवसाला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. केक कापून झाला आणि पाहुण्यांनी तो त्या चाळीस वर्षांच्या माणसाच्या गालाला, कपाळाला, कानात फासला. अण्णा हातातली प्लेट खुर्चीवर ठेवून घरी निघून आले आणि भर दुपारी डोक्यावरून आंघोळ केली. नंतर मला म्हणाले, "अन्न तोंडात घालायचं असतं पोरी, तोंडाला नव्हे." खरं सांगायचं तर मलाही तिथं तसंच वाटलं होतं, पण मी टाळ्या वाजवत उभी राहिले होते.

त्यांची बायको, कमलअक्का, नेमकी उलटी. मी तिला थोडाच काळ पाहिलं. ती हातानं कालवून खायची, उष्ट्या हातानं वाढायची, मोठ्यानं हसायची आणि तिनं एक मांजर पाळलं होतं. सोनी नावाची तांबूस, बारीक चणीची मांजर. एके सकाळी अण्णांनी बघितलं, की कमलअक्का दुधाच्या भांड्यातली साय बोटानं काढून सोनीला चाटवतेय आणि तेच बोट पुन्हा भांड्यात जातंय. त्या दिवसापासून अण्णा कोरी कॉफी प्यायला लागले. भांडले नाहीत, बोलले नाहीत; दूध सोडलं. अण्णांची किळस पायरी-पायरीनं चढत गेली की शेवटच्या पायरीवर शब्द संपायचे.

मग कमलअक्का गेली, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन. सोनी राहिली. मागच्या खोलीत कमलअक्काच्या घडी केलेल्या गोधडीवर दिवसभर बसून असायची. अण्णा ती गोधडी उचलत नव्हते आणि मांजरही. दोन वेळा लांब दांड्याच्या पळीनं, हात पुरता ताणून, तोंड दुसरीकडे करून तिच्या वाडग्यात मासे-भात टाकायचे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, तुम्ही मांजर छान सांभाळता हो."

"मी मांजर पाळत नाही," ते म्हणाले. "ते राहतं."

या माणसानं आयुष्यात बिनतक्रार पास केलेली एकच गोष्ट मला माहीत होती, आणि ती म्हणजे त्यांचा जावई.

प्रवीण नाव त्याचं. कोरमंगलात राहायचा, मोठ्या हुद्द्यावर होता. इस्त्रीचा शर्ट, कापलेली नखं, खिशात स्वतःचा रुमाल. जेवताना तोंडाचा आवाज नाही. उठताना पान आवरून ठेवायचा. बोलणं हळू आणि गोड. "असा स्वच्छ माणूस मी बघितला नाही," अण्णा म्हणायचे. नंदा, त्यांची एकुलती मुलगी, अधूनमधून माहेरी यायची तेव्हा फारसं बोलायची नाही. फोन मात्र पुष्कळ यायचे. जिन्यावरून जाता-येता अण्णांचं अर्धं बोलणं कानावर पडायचं. ते नेहमी एकाच वाक्यावर संपायचं: "स्वल्प अ‍ॅडजस्ट कर की गे. सरी? ठेवू?"

स्वल्प अ‍ॅडजस्ट, म्हणजे थोडं जमवून घे; बंगळूरला हे वाक्य हवेत असतं. बसमध्ये तिसऱ्याला बसायला जागा हवी असली की हेच, रस्त्यात गाडी आडवी लावली की हेच. मला सुरुवातीला ते फार सोज्वळ वाटायचं.

एका सकाळी नंदा रिक्षातून उतरली. एका हातात बॅग, दुसऱ्या हाताशी एक छोटं कुत्रं. केसाळ, बुटकं, चपट्या नाकाचं. केस डोळ्यांवर आलेले, डोळ्यांतून सतत पाणी, त्या पाण्याचे तपकिरी ओघळ नाकाच्या दोन्ही बाजूंना वाळलेले. पाणी प्यायलं की दाढी भिजायची आणि मग ती दाढी घरभर ठिबकत फिरायची. झोपलं की माणसासारखं घोरायचं. अण्णांना उभ्या जन्मात ज्या ज्या गोष्टीची किळस आली होती, ते सगळं कुणीतरी एकत्र करून त्याला चार पाय लावले होते. नाव लड्डू.

"थोडे दिवस राहते," नंदा म्हणाली.

अण्णांनी जावयाला फोन केला. जावई गोड आवाजात म्हणाला, "थोडा वाद झालाय अण्णा, शांत झाली की घेऊन जाईन." अण्णांनी ते जसंच्या तसं नंदाला सांगितलं, वर आपलं वाक्यही जोडलं. नंदा आत गेली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. कुत्र्याला बाहेर न्यायचं असलं तेवढंच उठायची. मी डबा घेऊन खाली जायचे, तर कालचा डबा तसाच. मला कळत होतं, त्या बाईला सध्या अंथरुणातून उठवणारी जगात एकच गोष्ट आहे, आणि ती दाराशी उभी राहून शेपटी हलवतेय.

पण सोनीला हे कोण सांगणार? कुत्रं आलं तशी ती कपाटावर चढून बसली आणि खाली येईना. खाईना. उतरायची ती कुणी नसताना, आणि एकदा उतरली ती कमलअक्काच्या गोधडीवर मुतून गेली. त्या घरात इतकी वर्षं तिनं असं कधी केलं नव्हतं. अण्णांनी गोधडी धुतली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. किळस होतीच, पण त्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं. कुत्रं ठेवावं तर बायकोचं मांजर उपाशी मरणार. कुत्रं घालवावं तर मुलगी पुन्हा उठणार नाही. अण्णांना दोन्ही प्राणी नको होते आणि दोन्ही सोडता येत नव्हते.

अशा वेळी सल्ले देणारे नातेवाईक कुठून तरी येतातच. अण्णांची बहीण, सुंदरअक्का, मल्लेश्वरमहून आली. अंगभर सोनं, तोंडात पान, हातात मोठा फोन. तिनं दहा मिनिटांत निकाल दिला. "एवढं काय मोठं? दोघांना एका खोलीत घालून दार लावा. आपोआप अ‍ॅडजस्ट होतात. माणसं होत नाहीत का?"

नंदा नको म्हणत होती. अण्णांनी थोडा विचार केला आणि दार लावलं.

आवाज वरपर्यंत आला. मी धावत खाली गेले तोवर दार उघडलं होतं. लड्डू दिवाणाखाली, नाकावर चीर, एका डोळ्यावर रक्त. सोनी खिडकीच्या गजांना वरपर्यंत लटकलेली, अंगावरचे केस ओले, तोंडातून फेसासारखं काहीतरी. जमिनीवर दोघांनीही भीतीनं करायचं ते सगळं केलेलं. आणि सुंदरअक्का दारात उभी राहून फोनवर चित्रीकरण करत होती. "बघ बघ, कशी चढलीय! ग्रुपवर टाकते." हसताना तिच्या तोंडातला पानाचा लाल रस ओठाच्या कडेला आला होता. त्या खोलीत इतकी घाण होती, पण मला शिसारी आली ती त्या हसण्याची.

नंदा रडली नाही. तिनं वाकून कुत्र्याला बाहेर काढलं, छातीशी धरलं आणि अण्णांना म्हणाली, "बंद दारामागं कुणी अ‍ॅडजस्ट होत नाही, अण्णा. एक जण गप्प होतो, एवढंच."

अण्णांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते जमिनीकडे बघत होते.

डोळा वाचला. जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती, कमी बोलणारी. तिनं टाका घातला, औषध लिहिलं आणि म्हणाली, "कोंडायचं नाही. पळायला जागा नसली की मांजर भांडतं. आधी दोघांना वेगळं ठेवा. वास ओळखीचा होऊ दे, मग आवाज, मग लांबून नजर. मांजराला उंचावर वाट द्या. कुत्र्याला दोरी लावा. आणि घाई करू नका."

"किती दिवस लागतात?" अण्णांनी विचारलं.

"ते दोघं ठरवतील."

हे उत्तर अण्णांना अजिबात आवडलं नाही. पण घरी आल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली, ती कारखान्यात करायचे तशीच. मागची खोली मांजराची, पुढची कुत्र्याची, मधलं दार बंद. एक जुना पंचा फाडून दोन तुकडे केले. एक तुकडा कुत्र्याच्या मानेवरून फिरवायचा आणि मांजराच्या वाडग्याखाली अंथरायचा. दुसरा मांजराच्या गालांवरून फिरवून कुत्र्याच्या अंथरुणात. हे करताना अण्णा नाकाला रुमाल बांधायचे आणि तो तुकडा स्वयंपाकघरातल्या जुन्या सांडशीत धरून, हात लांब करून, मिरवणुकीत मशाल न्यावी तसा न्यायचे. मान मागं, डोळे अर्धे मिटलेले. "हेसिगे, हेसिगे," असा जप चालू. मी जिन्यात उभी राहून हसायचे. त्यांना दिसलं तरी ते थांबायचे नाहीत.

मग दाराच्या दोन्ही बाजूंना वाडगे. आधी दारापासून लांब. दोघं नीट खाताहेत असं दिसलं की रोज थोडं जवळ. मांजराच्या बाजूला अण्णा, कुत्र्याच्या बाजूला नंदा, मध्ये बंद दार. त्यासाठी तिला रोज दोन वेळा उठावंच लागायचं. बापलेकीचं बोलणं त्या दारातून सुरू झालं.

"खातोय का?"

"खातोय. ती?"

"ती बघतीय. थांब. हं, खाल्लं."

पहिले काही दिवस एवढंच. मग हळूहळू वाक्यं लांब होत गेली. वर जाताना माझ्या कानावर पडायचं. नंदा दाराला पाठ टेकून बसलेली असायची आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगत असायची, की प्रवीण आधी कुणासमोर काही बोलत नाही, पाहुणे गेले की दार लावतो. की कपाटातले कपडे सरळ रांगेत नसले तर काय होतं. पलीकडून अण्णांचं "हं" यायचं. एकदा "हं" नंतर असंही आलं, "पण तो माणूस तसा दिसत नाही गे." मग नंदा म्हणाली, "वाडगा घेते." आणि उठली.

मला तेव्हा अण्णांचा मनापासून राग आला. चेंबरमधला केस दिसणारा माणूस!

दाराच्या जागी पुढं जाळीचं दार आलं. अण्णांनी भिंतींवर फळ्या ठोकल्या, मागच्या खोलीपासून हॉलच्या खिडकीपर्यंत, अशा की सोनीला जमिनीला पाय न लावता घरभर फिरता यावं. प्रत्येक फळीची पातळी पाण्याच्या नळीनं तपासलेली, तसूभरही तिरकी नाही. ज्या मांजराला पळीनं जेवण वाढायचं, तिच्यासाठी हा माणूस शिडीवर चढून घाम गाळत होता, आणि फळीवर तिचा केस दिसला की तोंड वाकडं करत होता. लड्डूला दोरी. त्यानं मांजराकडे बघून भुंकण्याऐवजी मान फिरवली, की नंदा त्याला खाऊ द्यायची आणि अण्णा म्हणायचे, "सरी." सरी म्हणजे बरं, ठीक; हा शब्दही ते असा म्हणायचे, की जणू काही सडकं तोंडात आलंय. पण कुत्र्याला तेवढा पुरायचा. शेपटीपासून खांद्यापर्यंत हलायचं ते.

सरळ रेषेत काहीच झालं नाही. बाहेर कुणी फटाका लावला, लड्डू भुंकला, सोनी पुन्हा कपाटावर. की पुन्हा बंद दार, पुन्हा लांबचे वाडगे. अण्णा वैतागायचे, शिव्या द्यायचे, पण पुढची पायरी गाळायचे नाहीत. कुणी शेजारीण डोकवायची, "अय्यो, फ्रेंड्स झाले का दोघं?" अण्णा म्हणायचे, "फ्रेंड बेडा, नको. एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, तेवढं साकु, पुरे."

आणि एका दुपारी ते झालं. जाळीचं दार उघडं होतं. लड्डू अण्णांच्या खुर्चीखाली पसरलेला, दोरी नंदाच्या हातात. सोनी फळीवरून खिडकीत, खिडकीतून दिवाणावर, दिवाणावरून जमिनीवर उतरली. लड्डूनं एक डोळा उघडला. नंदानं दोरी आखडून धरली. सोनी त्याच्या नाकासमोरून, घाई न करता, शेपूट उभी ठेवून निघून गेली. लड्डूनं डोळा मिटला. नंदा हसली. घरी आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होते. अण्णांनी कोऱ्या कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, "आयतु. झालं."

त्याच सुमाराला प्रवीणनं येतो म्हणून कळवलं. नंदानं मला वर फोन केला. "तू खाली येऊन बसशील? नुसती बस."

रविवार सकाळ होती. मी जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. प्रवीण आला. निळा इस्त्रीचा शर्ट, मिठाईचा खोका. अण्णांच्या पाया पडला. दारात बूट काढून एकाशेजारी एक सरळ ठेवले. दिवाणावर बसून माझीसुद्धा चौकशी केली. मग गोड आवाजात म्हणाला, "झालं ते झालं, अण्णा. नंदाला यायचं नसेल तर माझी जबरदस्ती नाही. मी तसला माणूस नाही. पण लड्डू माझा आहे. मी विकत घेतलाय, माझ्या नावावर आहे. त्याला नेतो."

नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

अण्णा खोकले. जावई रीतसर बोलत होता आणि अण्णा रीत मानणारे.

"लड्डू," प्रवीणनं हाक मारली. आवाज अजिबात चढवला नाही. "ये इकडे."

लड्डू अण्णांच्या खुर्चीखाली झोपला होता. तो उठला, पण चालत आला नाही. पोट जमिनीला घासत, कान चिकटवून, शेपूट आत घेऊन सरपटत आला. प्रवीणपासून थोड्या अंतरावर थांबला, उताणा झाला आणि त्यानं तिथंच मुतलं. फरशीवर ओघळ पसरत गेला.

"बघा, कसा ओळखतो," प्रवीण हसला आणि मोजा भिजू नये म्हणून त्यानं पाय उचलला. एवढंच. नुसता उचलला. लड्डूनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि चपटा झाला. आणि त्याच क्षणी तिकडे दारात नंदा एक पाऊल मागं सरली. तिचा हात आपोआप कानापाशी गेला होता.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी आधी कुत्र्याकडे बघितलं, मग मुलीकडे, मग त्या हवेतल्या पायाकडे. त्यांची नाकपुडी हलली नाही. ओठ खाली आला नाही. चेहरा नुसता पांढरा पडत गेला. फरशीवर मूत पसरत होतं आणि खंडोजीअण्णा "हेसिगे" म्हणत नव्हते.

"ऊठ," ते म्हणाले.

"काय अण्णा?"

"ऊठ. बाहेर हो."

"अण्णा, तुमचा काहीतरी गैरसमज..." प्रवीण कुत्र्याला उचलायला वाकला.

"हात लावू नको त्याला." अण्णा उभे राहिले होते. म्हातारा माणूस, पण मध्ये आला. "तू इतकी वर्षं माझ्या घरी येतोस, जेवतोस. मी तुझी नखं बघितली. तुझा रुमाल बघितला."

"एका कुत्र्यासाठी तुम्ही..."

"कुत्र्यानं सांगितलं ते मला दिसलं. पोरगी सांगत होती तेव्हा मी ऐकलं नाही. जा."

प्रवीणच्या चेहऱ्यावरचा गोडवा त्या वेळी उतरला. आत काय होतं ते मला क्षणभर दिसलं. नासक्या दुधाचं झाकण निघावं तसं. तो नंदाकडे बघून हळूच म्हणाला, "बघतो मी." बूट घातले, नाड्या नीट बांधल्या आणि गेला. अण्णांनी मिठाईचा खोका दोन बोटांनी दोरीला धरून नेला आणि फाटकाच्या बाहेर ठेवून आले.

मग त्यांनी खांद्यावरचा स्वतःचा पंचा काढला, गुडघे टेकून खाली बसले आणि फरशी पुसायला लागले. रुमाल नाही, सांडशी नाही. उघड्या हातांनी.

"अण्णा, मी करते," नंदा म्हणाली.

"थांब."

पुसून झालेली जागाच ते पुन्हा पुसत होते. लड्डू त्यांच्या कोपराशी येऊन उभा राहिला होता.

"जन्मभर मला हेसिगे आली," अण्णा खाली बघत म्हणाले. "सायीची, केसाची, तुझ्या आईच्या बोटाची. फुकट गेली सगळी." त्यांनी पंचा दुमडला. "तू फोन करायचीस, तेव्हा मी अ‍ॅडजस्ट कर म्हणायचो."

"जाऊ दे, अण्णा."

"जाऊ दे नाही. किती वेळा म्हणालो?"

नंदा म्हणाली, "दर वेळी."

अण्णांनी पंचा पिळला. "हेसिगे," ते म्हणाले. कुणाबद्दल, ते आम्हा दोघींनाही कळलं. मी उठून वर गेले.

त्यानंतर सुंदरअक्काचा फोन आला, तो इतका मोठ्यानं, की वर ऐकू आला. सगळ्या मल्लेश्वरममध्ये बोभाटा झालाय म्हणे. "कुत्रं मुतलं म्हणून कुणी पोरीचा संसार मोडतं का रे?"

"हो," अण्णा म्हणाले. "म्हणूनच मोडला." आणि फोन ठेवला.

वकील झाला, कोर्टाच्या फेऱ्या झाल्या. प्रवीणनं कुत्र्यावरून काही दिवस धमकीची पत्रं पाठवली, मग दुसऱ्या कशात तरी मन गुंतल्यावर सोडून दिलं. असल्या माणसांना हवं असतं ते दुसऱ्याकडून काढून घेणं; हातात आलेल्याशी त्यांना काय करायचं असतं? कोर्टात जाताना अण्णा दर वेळी नंदाबरोबर असायचे. तिथल्या बाकांवर बसायचे नाहीत, किळस यायची. तासन्‌तास भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून उभे राहायचे. नंदाला नोकरी लागली. ती घरात गुणगुणायला लागली.

अण्णा काही बदलले नाहीत. कुणाला वाटेल, प्राण्यांचा लळा लागला असेल, मांडीवर बिंडीवर घेत असतील. छे. लड्डूची दाढी ठिबकली की तेच तोंड, सोनीचा केस शर्टावर दिसला की तोच शब्द. एका शेजाऱ्यानं लड्डूच्या गळ्यात वाढदिवसाचा फुगा बांधला, तेव्हा अण्णांनी तो फुगा शेजाऱ्याच्याच दाराला बांधून टाकला. चेंबरही रविवारी उघडत राहिले. फक्त एक झालं. घरी कुणी नवं आलं, तर अण्णा त्याची नखं बघत नसत. तो आला की लड्डू आणि नंदा कसे उभे राहतात ते बघत.

आमची पुण्याला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं, किल्ली द्यायला मी खाली आले. पुढचं दार बंद होतं म्हणून बागेच्या बाजूनं गेले. हॉलची खिडकी उघडी होती. सोनी आता फार म्हातारी झाली होती, तिची मूत्रपिंडं गेली होती आणि डॉक्टरीणबाईंनी घरीच सलाइन द्यायला शिकवलं होतं. टेबलावर चादर पसरून अण्णांनी तिला दोन्ही हातांत धरलं होतं, एक हात छातीखाली, एक मानेवर. नंदा मानेच्या कातडीची चिमूट धरून सुई लावत होती. सोनीच्या तोंडातून लाळेची तार सुटून अण्णांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती. टेबलाखाली लड्डू वर बघत बसला होता, मधेच एकदा कण्हला.

"झालं, झालं," अण्णा त्याला म्हणाले.

त्यांचं तोंड पुरतं वाकडं झालं होतं, नाक आक्रसलेलं, डोळे बारीक. हात मात्र हलत नव्हते. मी खिडकीशी उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. बोलता येत नव्हतं, मांजर दचकलं असतं. त्यांनी हनुवटीनं खिडकीच्या कठड्याकडे दाखवलं: किल्ली ठेव तिथं. मग फाटकाकडे दाखवलं: जा.

मी किल्ली आवाज न करता ठेवली आणि निघाले.